दिराच्या क्रशरची खडी आणि एमबी माझ्या हातात

जेई_मराठवाडा:
नमस्कार. मी सार्वजनिक बांधकामच्या एका उपविभागात कनिष्ठ अभियंता आहे. माझ्याकडच्या एका रस्त्याच्या कामावर ठेकेदार मागच्या महिन्यापासून माझ्या दिरांच्या क्रशरवरून खडी उचलतोय. टेंडर वर्षभरापूर्वीचं, त्याच्याशी माझा काही संबंध नाही. पण थर मोजणार मी, एमबी (मोजमापाची वही) लिहिणार मी आणि बिलाला जोडलेल्या रॉयल्टीच्या (खडीवर सरकारला भरलेल्या शुल्काच्या) पावत्या तपासणारही मीच. त्या पावत्यांवर आमचंच आडनाव.

गेल्या आठवड्यात एका पट्ट्यात जीएसबीचा (रस्त्याच्या पायातल्या खडीचा) थर १५० मिमी हवा तिथे १२० भरला. उकरून, भर घालून परत रोलर मारायला सांगितलं. रात्री जेवताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, जरा सांभाळून घ्या, त्याच्याकडून माझे पैसे यायचेत." साधंच बोलले, पण मला पुढे जेवण गेलं नाही.

उपअभियंता साहेबांच्या कानावर घातलं. "ठेका तुमच्या घरचा नाही ना? मग एमबी भरा," म्हणाले. लेखी द्यावं का? घरात वाद होईल याचीही भीती आहे.

निवृत्त_उपअभियंता:
ताई, लेखी द्या, आणि पुढचं मोजमाप घ्यायच्या आत द्या.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ४ काढून वाचा. ज्या बाबीत आपला किंवा कुटुंबातल्या कोणाचा हितसंबंध आहे ती आपण हाताळायची नाही, वरिष्ठांकडे पाठवायची. आता तुमचे साहेब म्हणतील, दीर 'कुटुंबा'त येत नाही. नियमातल्या व्याख्येपुरतं ते बरोबरही आहे: नवरा-बायको, मुलं आणि पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असलेले नातेवाईक, एवढंच कुटुंब. स्वतःचा धंदा असलेला दीर त्यात बसत नाही. म्हणून मला एकच विचारायचंय. क्रशरमध्ये तुमच्या यजमानांचा काही वाटा आहे का? भागीदारी, कर्जाला जामीन, जमीन, काहीही? असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तरी कळवाच, कारण तुमच्या ताटाशी ती गोष्ट येऊन गेली आहे.

हे कळकळीने लिहितोय, कारण माझ्या साडूचे ट्रक माझ्याच कामावर मुरूम टाकत होते. मी साहेबांना तोंडी सांगितलं होतं. साहेब बदलून गेले, तक्रार आली, सगळी मोजमापं पुन्हा घेतली गेली. एक इंचही फरक निघाला नाही. तरी चौकशी संपेपर्यंत माझी पदोन्नती अडकली, आणि "मी सांगितलं होतं" याला कागद नव्हता.

लेखा_शाखा:
पत्र कार्यकारी अभियंत्यांच्या नावे, उपअभियंत्यांमार्फत. कामाचं नाव, खडी कुठून येते, नातं काय, कोणत्या तारखेला तुम्हाला कळलं. भाऊजींची खडी सुरू झाल्यापासून घेतलेल्या मोजमापांचे एमबी क्रमांक आणि पानं स्वतःहून द्या, ती दुसऱ्याकडून तपासून घेण्याची विनंती करा. काम दुसऱ्या जेईकडे देण्याची मागणी स्पष्ट शब्दांत असू द्या. आवक क्रमांकाची पोच घरी ठेवा.

एक चूक मात्र करू नका. आदेश येण्याआधी आपणहून मोजमाप थांबवू नका. बिल अडलं की ठेकेदार तुमच्याविरुद्धच अर्ज करेल. तोवर प्रत्येक मोजमापाला उपअभियंत्यांना साइटवर बोलवा.

जेई_मराठवाडा:
सर, तुमच्या प्रश्नावरून काल सातबारा काढला. क्रशर भाऊजींच्या नावावर आहे, पण जमीन एकत्र आहे आणि त्यावर यांचंही नाव आहे. जागेचं भाडं सासूबाईंच्या खात्यात येतं. लग्नाला आठ वर्षं झाली, मला हे माहीत नव्हतं.

आज सकाळी पत्र दिलं. चार पानांची मोजमापं त्यात नमूद केली, थर कमी भरलेलं पानही. उपअभियंता साहेब नाराज झाले, पण सही करून पुढे पाठवलं. त्याआधी काल रात्री भाऊजींना मीच सांगितलं, बाहेरून कळायला नको म्हणून. ते उठून गच्चीवर गेले. अजून बोललेले नाहीत. यांनी मात्र पत्राची पोच कपाटात, घराच्या कागदांसोबत ठेवली.