लॅमिव्हुडिनला दाद न देणारा हेपॅटायटिस बी, मूल ९ वर्षांचं: पुढचं औषध कोणतं?

बालरोग_निवासी:
वजन २४ किलो, एचबीईएजी (विषाणू जोमाने वाढत असल्याची खूण असलेलं प्रथिन) पॉझिटिव्ह. लॅमिव्हुडिन या औषधावर रक्तातला विषाणूचा डीएनए २,००० आययू/मिलीपर्यंत उतरला होता, आता ८५,००० आहे. एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ११०. दुप्पट मात्रेत एंटेकाव्हिर द्यावं की टेनोफोव्हिर?

यकृत_ओपीडी:
एंटेकाव्हिर नको. त्याला दाद न देण्यासाठी विषाणूला जे बदल लागतात, त्यांतले एम२०४ आणि एल१८० (ही विषाणूच्या प्रथिनातल्या बदलांच्या जागांची नावं) हे बहुधा लॅमिव्हुडिननेच करून ठेवलेले असतात. मग टी१८४, एस२०२ किंवा एम२५० यांपैकी एक बदल झाला की औषध हातचं गेलं. मात्रा दुप्पट केल्याने हा धोका टळत नाही.

पण त्याआधी गोळ्या खरोखर पोटात जातात का ते बघा. नीचांकापासून डीएनए दहापटीहून जास्त चढला की प्रतिरोधाचा (विषाणू औषधाला दाद देईनासा झाल्याचा) संशय घ्यायचा, पण चुकलेल्या गोळ्यांनीही आकडा असाच चढतो. "नियमित घेतो ना?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. औषध शेवटचं कधी नेलं आणि घरी किती गोळ्या उरल्या, ते मोजा. मात्रा कोणत्या वजनावर ठरली होती तेही तपासा; मूल वाढतं आणि चिठ्ठी तीच राहते.

डीएनए परत तपासून वाढ पक्की करा आणि प्रतिरोधाच्या चाचणीचा नमुना औषध बदलण्याआधी घ्या. एचआयव्ही चाचणीही आधीच हवी, कारण टेनोफोव्हिर एचआयव्हीवरही चालतं आणि तिथे ते एकटं दिलं तर तो विषाणू प्रतिरोधी होतो.

मग टेनोफोव्हिर डायसोप्रॉक्सिल, ८ मिग्रॅ प्रति किलो, रोज एकदा, कमाल ३०० मिग्रॅ. २४ किलोला हिशोबाने १९२ येतात, म्हणून २०० मिग्रॅ. नवं औषध हातात येईपर्यंत लॅमिव्हुडिन थांबवू नका. मध्ये खंड पडला तर यकृताचा दाह उसळतो, आणि सिरोसिस (यकृत कायमचं निबर होणं) असेल तर तो जिवावर बेततो.

औषध_विभाग:
२०० मिग्रॅची गोळी नसेल तर पावडर आहे: तिच्यासोबत मिळणारा मापाचा चमचा सपाट भरला की ४० मिग्रॅ, इथे ५ चमचे. चावावं न लागणाऱ्या मऊ अन्नात कालवून लगेच भरवायची, ठेवली की कडू होते. पाण्यात मुळीच नको. ती वर तरंगते, पेल्याला चिकटते आणि मात्रा अर्धवट जाते.

बालरोग_निवासी:
प्रतिरोधाच्या चाचणीत ए१८१टी हा बदल निघाला तर? आणि मूत्रपिंडाचं काय?

यकृत_ओपीडी:
ए१८१टी एकटा असेल तरी टेनोफोव्हिरच. जोडीला एन२३६टी असेल (अ‍ॅडेफोव्हिर हे औषध घेऊन झालेल्यांत दिसतो) तर डीएनए सावकाश उतरतो; रेंगाळला तर एंटेकाव्हिर जोडा.

दर ३ महिन्यांनी डीएनए, एएलटी, क्रिएटिनिन, फॉस्फेट आणि लघवीतली साखर व प्रथिनं. एकट्या क्रिएटिनिनवर (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) विसंबू नका, ते उशिरा चढतं. रक्तातली साखर ठीक असून लघवीत साखर आली किंवा फॉस्फेट घसरलं, तर मूत्रपिंडातल्या नलिकांना इजा होते आहे असं धरा. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं टाळायला पालकांना सांगून ठेवा.

मूत्रपिंडाला आणि हाडांना सौम्य असं टेनोफोव्हिर अ‍ॅलाफेनामाइड ६ वर्षांपुढे, पण २५ किलोपासून देतात: २५ मिग्रॅ, जेवणासोबत. तुमचं मूल एक किलोने कमी आहे, तेव्हा पुढच्या भेटीत वजन करून बदलाचा विचार करता येईल.