मदत हवी आहे: कर्करोगग्रस्त मुलाला परभणीहून परळला नेण्यासाठी रेल्वे सवलत

गोदाकाठ: जिंतूर तालुक्यातल्या एका कुटुंबासाठी विचारतोय. मुलगा ८ वर्षांचा, रक्ताचा कर्करोग. परळच्या टाटा हॉस्पिटलात नोंदणी झाली आहे, आता वरचेवर जावं लागेल. वडील रोजंदारीवर, आई शेतमजुरीला. बसायचं तिकीट स्वस्त म्हणून दिवसाच्या तपोवन एक्सप्रेसने न्यायचा विचार आहे. सवलत कशी मिळते?

रूळकरी: तपोवन नको, रात्रीची देवगिरी बघा. सेकंड सिटिंगमध्ये रुग्णाला ७५ टक्के सवलत आहे, पण स्लीपर आणि थर्ड एसीत मूळ भाडं पूर्ण माफ. सोबत जाणाऱ्या एका माणसाला तिन्हीकडे ७५ टक्के. म्हणजे स्लीपरने खर्च फारसा वाढत नाही आणि पोराला आडवं होता येतं. किमो चालू असताना तर थर्ड एसीच काढा. स्लीपरमध्ये वेटिंगवाले शिरतात आणि या मुलांना संसर्ग फार पटकन होतो. सोबतच्या माणसाला लागणारं थर्ड एसीचं पाव भाडं स्लीपरच्या पूर्ण भाड्यापेक्षा कमीच पडतं. आरक्षण शुल्क मात्र वेगळं द्यावं लागतं.

सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलच देतं. सही-शिक्का झाल्यावर तिथेच उभं राहून नाव, वय, दोन्ही स्टेशनं आणि परतीचा प्रवास तपासा. खाडाखोड झाली असेल आणि तिच्यावर डॉक्टरांची सही नसेल, तर खिडकीवर फॉर्म परत करतात. मूळ फॉर्म तिथेच जमा होतो, त्यामुळे आधी दोन झेरॉक्स काढा. एक गाडीत जवळ ठेवा.

हे तिकीट आरक्षण खिडकीवरच काढायचं. तत्काळमध्ये कुठलीच सवलत नाही, आणि घाईत बरेच जण तिथेच फसतात. पुढची तारीख मिळाली की त्याच दिवशी फॉर्म मागा.

गोदाकाठ: धन्यवाद. आई-वडील दोघंही जाणार असतील तर?

रूळकरी: दुसऱ्याला पूर्ण भाडं. शक्य असेल तर एकानेच जावं, म्हणजे दुसऱ्याची मजुरी बुडत नाही. जिंतूर ते परभणी एसटीने जाणार असाल तर आईचं तिकीट अर्धं, मुलाचंही अर्धं, वडिलांचं पूर्ण. आधारकार्ड सोबत असू द्या.

वैजनाथ_परळी: भर घालतो. तिकीट वेटिंगला राहिलं तर गाडीच्या आदल्या दिवशीच तिकिटावरचा पीएनआर नंबर आणि हॉस्पिटलचं पत्र जोडून इमर्जन्सी कोट्याचा (तातडीच्या प्रवासासाठी राखलेल्या जागांचा) अर्ज द्या. परभणी नांदेड विभागात येतं, कुठे द्यायचा ते स्टेशनवर विचारून घ्या. आणि सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरला उतरा. तिथून परळ जवळ आहे. लोकलने जायचं झालं तर दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येतं, हॉस्पिटलची फाइल हातात ठेवा.