पिवळी मस्टँग, रंगीत भिंत आणि दारावर उमटलेली पत्र्याची शेड: मार्गदर्शन हवे

प्रश्न: सावलीचा_माग (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांना नमस्कार. मी गेली सहा वर्षे लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो आणि मोटारींच्या छायाचित्रणाकडे अलीकडेच वळलो आहे. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज खरेदी करून देशभर चर्चेत आलेल्या आमच्या शहरात हौशी मोटारमालकांची वानवा नाही. त्यांच्या गाड्यांना न्याय देणारी छायाचित्रे मात्र क्वचितच पाहायला मिळतात. म्हणून हे काम नीट शिकावे, अशी मनापासून इच्छा आहे.

जालन्याच्या एका परिचित व्यापाऱ्यांनी आपली पिवळी फोर्ड मस्टँग छायाचित्रांसाठी एक दिवस माझ्या हवाली केली. फेब्रुवारी 2023 मध्ये जी-20 अंतर्गत डब्ल्यू-20 या महिलाविषयक गटाची बैठक आमच्याकडे झाली, त्या सुमारास शहरातल्या पुष्कळ भिंती रंगल्या. मी निवडलेली भिंत त्यानंतरची आहे. तिच्यावर ग्राफिटी पद्धतीची पुरुषभर उंचीची अक्षरे असून त्यांत नारिंगी, पिवळा आणि निळा हे रंग प्रामुख्याने आहेत. सकाळी अकराच्या सुमारास गाडी भिंतीला खेटून उभी केली आणि फुल फ्रेम (36 मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याला रुंद दृश्य टिपणारी 24 मिमीची लेन्स लावून तिरप्या कोनातून छायाचित्रे घेतली.

घरी येऊन संगणकावर पाहिले, तर गाडी भिंतीत विरून गेलेली. पुढचे चाक आणि बंपर फुगल्यासारखे दिसतात. सर्वांत वाईट म्हणजे, दारावर समोरच्या पत्र्याच्या शेडची नागमोडी रेघ, एक हातगाडी आणि पांढऱ्या शर्टातला मी स्वतः, असे सगळे स्पष्ट उमटले आहे. हे कसे टाळावे? शिवाय मालकांना ही छायाचित्रे आपल्या मोटारी भाड्याने देण्याच्या व्यवसायाच्या जाहिरातीत वापरायची आहेत. भिंतीवरच्या चित्रासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागते का?

उत्तर: जुना_निगेटिव्ह (लातूर)

तुमच्या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. तुम्ही भिंत निवडलीत, पण भिंतीच्या समोर काय आहे ते पाहिले नाहीत. मोटारीचा पत्रा म्हणजे वाकवलेला आरसा. आपण गाडीचा रंग टिपतो असे वाटते. प्रत्यक्षात त्या रंगावर पसरलेले आभाळ, जमीन आणि आपल्या पाठीमागची वस्ती टिपत असतो. म्हणून जागा पाहायला जाल तेव्हा भिंतीकडे पाठ करून उभे राहा आणि पाच मिनिटे फक्त समोर पाहा. समोर मोकळे मैदान असेल, लांबवर एकसारखी झाडी किंवा नुसते आभाळ असेल, तर ती भिंत साधारण असली तरी घ्या. समोर शेड, विजेचे खांब आणि दुकानांच्या पाट्या असतील, तर भिंत कितीही देखणी असो, तिचा मोह सोडा. तिरप्या कोनातून पाहताना दारावरचे प्रतिबिंब नेमके आपल्या पाठीमागचे नसते, ते गाडीच्या दुसऱ्या टोकाकडून येते. त्यामुळे कॅमेऱ्याच्या जागेवर बसून दारात काय दिसते, ते डोळ्यांनी तपासल्याशिवाय ट्रायपॉड उघडू नका. आणि काळे कपडे घाला. मी अजूनही या कामासाठी एक काळा, पूर्ण बाह्यांचा सदरा वेगळा ठेवतो.

आता प्रकाश. सकाळी अकराचे ऊन या कामाला निरुपयोगी, कारण त्यात बॉनेटवर एकच पांढराफटक डाग पडतो आणि बाकीची गाडी काळवंडते. डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य पाच पन्नासच्या आसपास मावळतो. मावळल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटे सारे पश्चिमेचे आभाळ एका प्रचंड दिव्यासारखे काम करते आणि छतापासून उंबऱ्यापर्यंत गाडीवर प्रकाशाची एक सलग, मऊ पट्टी उतरते. ट्रायपॉड लावा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) 100 वर ठेवा, शटर अर्धा-एक सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही. गाडी हलणार नाही, फक्त कोणी तिला टेकून उभे नसावे. पार्किंगचे दिवे लावा. हेडलाइट लावल्यास छायाचित्रात तेवढा भाग पांढराफटक पडेल.

दिवसाच काम करणे भाग असेल, तर उत्तरेकडे तोंड असलेली भिंत शोधा. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो, त्यामुळे अशा भिंतीवर ऊन येतच नाही आणि दुपार उतरू लागली की तिची सावली पुढे सरकून अख्खी गाडी कवेत घेते.

पॉलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर) जवळ नसल्यास आधी तो घ्या. गाडीच्या रंगावर पारदर्शक लेपाचा थर असतो आणि त्या थरावरची चमक पॉलरायझर बऱ्यापैकी कापतो. मात्र तो फिरवताना तुमच्या लक्षात येईल की बॉनेट स्वच्छ होते तेव्हा दार चमकते आणि दार स्वच्छ होते तेव्हा दर्शनी काच पांढरी होते, कारण प्रत्येक पृष्ठभागाचा कोन निराळा असतो. ट्रायपॉड न हलवता दोन-तीन छायाचित्रे घेऊन ती नंतर एकमेकांत मिसळणे, हाच उपाय. बाजूच्या आणि मागच्या काचा तापवून कडक केलेल्या असतात. पॉलरायझरमधून त्यांच्यावर ठिपक्यांची जाळी दिसू लागते. ती काचेतला दोष समजून पुसत बसू नका, फिल्टर थोडा फिरवा.

प्रकाश सारा कापू नका, एवढे मात्र पाहा. काचांखालून गाडीच्या लांबीभर जाणाऱ्या खांद्याच्या रेषेवरची ती एक उजळ कड गेली, तर गाडीचा आकारच हरवतो आणि ती पुठ्ठ्याची वाटू लागते.

उत्तर: खडकाळ_रस्ता (परभणी)

वरील उत्तरात अंतराचा मुद्दा राहिला आहे, तो जोडतो. चाक फुगले याला लेन्सपेक्षा तुमचे जवळ उभे राहणे कारणीभूत आहे. मस्टँग सुमारे पावणेपाच मीटर लांब. दोन्ही बाजूंना थोडी भिंत दिसावी म्हणून चौकटीत सात मीटर रुंदी धरा. फुल फ्रेमवर 24 मिमीने ती रुंदी पावणेपाच मीटरवरूनच मिळते, म्हणून पुढचे चाक अंगावर आल्यासारखे दिसले. 50 मिमीला जवळपास दहा मीटर लागतात आणि 85 मिमीला साडेसोळा. म्हणजे जागा शोधताना भिंतीइतकीच तिच्यासमोरची मोकळी जमीन मोजावी लागते. मी पावलांनी मोजतो.

अनेक जण सांगतील की लेन्सचे छिद्र मोठे ठेवा, भिंत धूसर होईल. या अंतरावर ते फारसे साधत नाही. 85 मिमीने सोळा मीटरवरच्या गाडीवर फोकस केला, तर एफ/4 इतक्या छिद्रावर साधारण साडेबारापासून बावीस मीटरपर्यंतचे सर्व स्पष्टच येते, म्हणजे गाडीच्या पाच मीटर मागे असलेली भिंतही त्यात आली. शिवाय ग्राफिटीची अक्षरे वाचता येणार नसतील, तर ती भिंत घेण्यात अर्थ काय? गाडी वेगळी काढायची ती रंगाने आणि उजेडाने. पिवळी गाडी निळ्या भागासमोर उभी करा, नारिंगीसमोर नको. छताच्या कडेमागे गडद रंग येऊ द्या आणि एखाद्या अक्षराचा फराटा छतातून उगवल्यासारखा दिसत नाही ना, ते पाहा. गाडी भिंतीपासून चार-पाच मीटर पुढे घ्या. पुढचे चाक इतके वळवा की रिमची नक्षी कॅमेऱ्याकडे येईल. टायरची खाचदार कड दिसता कामा नये. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर.

आणखी एक, आपल्या भागाचे. बोअरच्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात वाळू दिली की क्षाराचे पांढरे गोल डाग राहतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण संध्याकाळच्या तिरप्या उजेडात प्रत्येक थेंब मोजता येतो. शेवटचा हात फिल्टरच्या पाण्यात भिजवलेल्या मायक्रोफायबरने फिरवा आणि लगेच कोरडा करा. चाकांच्या कमानीतली काळी माती आधी काढा, नाहीतर तेच कण कापडाला लागून रंगावर ओरखडे पडतील.

उत्तर: काळा_कोट (छत्रपती संभाजीनगर)

मी येथेच वकिली करतो, म्हणून परवानगीपुरते लिहितो. स्वतःच्या संग्रहासाठी छायाचित्र काढणे आणि ते जाहिरातीत वापरणे यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सार्वजनिक ठिकाणी कायम असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्याची मुभा आहे; परंतु त्या तरतुदीची शब्दरचना शिल्प आणि कलात्मक कारागिरीपुरती आहे, आणि रंगवलेले चित्र कायद्याच्या व्याख्येत वेगळ्या गटात येते. चित्रपटासाठीची तरतूद याहून व्यापक आहे. त्यामुळे भित्तिचित्र रस्त्यावर आहे, सगळे पाहतात, म्हणून जाहिरातीलाही मोकळे आहे, असे गृहीत धरू नये. भिंतीच्या मालकाने होकार दिला म्हणजे चित्रकाराचा होकार मिळाला, असेही होत नाही. मोबदला देऊन चित्र काढून घेतलेले असेल आणि वेगळा करार नसेल, तर कलम 17 नुसार हक्क सामान्यतः ते काढून घेणाऱ्याचे असतात; तसे नसल्यास, लेखी हस्तांतरण होईपर्यंत ते चित्रकाराकडेच राहतात. हक्क दुसऱ्याकडे असले तरी कलम 57 नुसार कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा चित्रकाराचा हक्क उरतो.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरातल्या भित्तिचित्रांवरून अगदी असेच वाद झाले आहेत. जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक मोटारीच्या जाहिरातीतील छायाचित्रात पार्किंगच्या इमारतीवरचे भित्तिचित्र आले, म्हणून एका स्विस चित्रकाराने जनरल मोटर्सवर दावा केला, आणि ते चित्र इमारतीचाच भाग असल्याने छायाचित्र घेण्यास मोकळीक आहे, हे म्हणणे न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये त्या टप्प्यावर मान्य केले नाही. मर्सिडीजने 2018 मध्ये त्याच शहरातील भित्तिचित्रांसमोरची आपल्या जी-क्लास मोटारीची छायाचित्रे समाजमाध्यमावर टाकली. चित्रकारांनी हरकत घेतल्यावर पुढच्या वर्षी कंपनीच न्यायालयात गेली. कायदा तिकडचा आहे, पण प्रश्न हुबेहूब तुमचाच आहे. चित्रकाराला शोधा आणि कशासाठी, किती काळ, कोणत्या माध्यमात वापरणार, एवढे लिहिलेल्या एका कागदावर त्याची, आणि हक्क दुसऱ्याकडे असल्यास त्याचीही, सही घ्या.

उत्तर: ओली_भिंत (नांदेड)

मी भिंती रंगवते, म्हणून दोन शब्द. उन्हाळ्यात पहाटे पाचला शिडी लावावी लागते, कारण नऊनंतर भिंत इतकी तापते की रंग ब्रशवरच घट्ट होतो. एवढे करून आमचे नाव खाली कोपऱ्यात चार बोटांच्या जागेत असते, आणि मोटारींच्या छायाचित्रांत पहिल्यांदा तेच कापले जाते किंवा गाडीच्या मागे जाते. माझ्या एका चित्रासमोरचे छायाचित्र मी अनोळखी दुकानाच्या फलकावर पाहिले तेव्हा फार वाईट वाटले. दादा, बहुतेक भिंतींवर कोपऱ्यात चित्रकाराचा इन्स्टाग्रामचा पत्ता असतो. विचारून पाहा. विचारल्यावर सहसा कोणी नाही म्हणत नाही, आणि मोबदला द्यायचा असेल तर तो मालकांनी द्यावा, तुम्ही आपल्या खिशातून नव्हे.

सावलीचा_माग (छत्रपती संभाजीनगर)

सर्वांचे मनापासून आभार. काल पुन्हा जाऊन आलो. भिंतीकडे पाठ करून उभा राहिलो तेव्हा लक्षात आले की शेड फक्त पूर्वेकडच्या अर्ध्या भागासमोर आहे. पश्चिमेच्या टोकासमोर मोकळा भूखंड आणि त्यापलीकडे कडुनिंबाची रांग आहे. तिथे अठरा पावले मागे जाता येते आणि भिंतीवरचे निळे अक्षरही नेमके तिथेच आहे. सहा वाजून पाच मिनिटांनी, 85 मिमीने घेतलेल्या छायाचित्रात दारावर फक्त आभाळाची फिकट पट्टी आणि तिच्याखाली झाडांची गडद रेघ आहे. क्षाराचे डाग मात्र मागच्या बंपरवर राहिलेच. तेवढी जागा संगणकावर पुसावी लागली.

चित्रकार ताईंचा पत्ता भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात मिळाला. त्यांनी एका वर्षासाठी लेखी परवानगी दिली असून मोबदला मालकांनी देण्याचे मान्य केले आहे. गाडी आणखी एक मीटर उजवीकडे घेतल्यामुळे त्यांची सही पुढच्या बंपरच्या अलीकडे पूर्ण दिसते, आणि जाहिरातीत छायाचित्र कापताना ती बाजू तशीच ठेवावी, असे मी मालकांना लिहून कळवले आहे.