मदत हवी आहे: कॅन्डेसार्टनने (रक्तदाब उतरवणारं औषध) इन्फार्क्ट, म्हणजे रक्ताअभावी मेलेला मेंदूचा भाग, कधी लहान, कधी मोठा का येतो?

प्रश्न

एसएचआर रॅट (जन्मजात उच्च रक्तदाब असलेली जात), ९० मिनिटांचा फिलामेंट एमसीएओ (बारीक धागा सरकवून मेंदूची मधली धमनी बंद करणं), २४ तासांनी टीटीसी (या रंगाने जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढरा राहतो). कॅन्डेसार्टन १ मिग्रॅ/किलो शिरेतून. धमनी मोकळी करताना डोस दिला त्या गटात इन्फार्क्ट लहान दिसतोय. धमनी बंद असतानाच डोस दिला त्यांच्यात मात्र काहींचा उलट मोठा आलाय. रक्तदाब शस्त्रक्रियेच्या आधी टेल-कफने (शेपटीवरच्या पट्ट्याने) एकदाच मोजला होता. नियंत्रण गटाला सलाइन. औषध मेंदूचं संरक्षण करतं, असं यावरून लिहिता येईल का?

प्रतिसाद १

एवढ्यावरून नाही. हा परिणाम औषधाचा की दाब उतरल्याचा, हे तुमच्या मांडणीतून वेगळं काढताच येत नाही.

धमनी बंद असताना पेनम्ब्राला (इन्फार्क्टभोवतीच्या, अजून वाचू शकणाऱ्या भागाला) रक्त मिळतं ते पृष्ठभागावरच्या जोडवाहिन्यांतून. तिथल्या वाहिन्या आधीच पूर्ण पसरलेल्या असतात, ऑटोरेग्युलेशन (दाब बदलला तरी प्रवाह स्थिर ठेवण्याची क्षमता) संपलेलं असतं. दाब जेवढा, तेवढा प्रवाह. त्यात एसएचआरचं ऑटोरेग्युलेशन उच्च दाबाकडे सरकलेलं असतं, त्यामुळे साध्या विस्टार रॅटला सहज सोसणारा दाब याला कमी पडतो. म्हणजे त्या वेळी दाब पाडला की वाचू शकणारा भागही जातो. धमनी उघडल्यावर गणित बदलतं. आता रक्त-मेंदू अडथळा फुटका असतो आणि जास्त दाबाने सूज व रक्तस्राव वाढतात. तुमचे दोन्ही निकाल यात बसतात, पण बसतात म्हणून सिद्ध होत नाहीत.

दोन गट वाढवा. एकात हायड्रॅलाझिन (वेगळ्या मार्गाने दाब उतरवणारं औषध), आधी पायलट घेऊन दाबाचा आलेख कॅन्डेसार्टनशी जुळेल असा डोस ठरवून. (त्याने हृदयगती वाढते, तीही नोंदवा.) दुसऱ्यात कॅन्डेसार्टनचा इतका कमी डोस की दाब हलत नाही. हायड्रॅलाझिनच्या गटातही तेवढाच फायदा दिसला, तर श्रेय दाबाचं. कमी डोसनेही इन्फार्क्ट घटला, तरच एटी१ रिसेप्टर (अँजिओटेन्सिन ज्यावर काम करतं तो, कॅन्डेसार्टन हाच अडवतं) रोखण्याच्या थेट परिणामाबद्दल बोला.

टेल-कफचा एक आकडा इथे निरुपयोगी आहे. मांडीच्या धमनीत कॅथेटर घालून डोसच्या आधीपासून सलग नोंद ठेवा. २४ तासांचा आलेख हवा असेल तर टेलिमेट्री (शरीरात बसवलेल्या यंत्राने बिनतारी नोंद).

प्रतिसाद २

आधी बाटलीवरचं नाव वाचा. कॅन्डेसार्टन सिलेक्सेटिल हे प्रोड्रग (शरीरात गेल्यावर मूळ औषधात बदलणारं रूप) आहे, आतड्यातून शोषलं जाताना त्याचं कॅन्डेसार्टन होतं. शिरेतून द्यायला मूळ कॅन्डेसार्टनच लागतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात विरघळवून मग सलाइनने पातळ करतात. तसं केलं असेल तर नियंत्रण गटालाही तेच अल्कधर्मी द्रावण द्यायला हवं, नुसतं सलाइन नाही.

एकाच गटात फरक मोठा येत असेल तर शंका फिलामेंटवर. लेझर डॉप्लर (मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारं यंत्र) लावता का? प्रवाह मूळच्या ३० टक्क्यांखाली उतरला नाही तर धमनी नीट बंद झालेली नाही, आणि असे प्राणी वगळण्याचा निकष प्रयोगाआधीच लिहून ठेवावा लागतो. फिलामेंट जास्त आत गेला तर धमनी फाटून मेंदूच्या तळाशी रक्त साचतं. काप करण्याआधी मेंदू उलटा धरून तळ बघा, तिथे लाल गुठळी असेल तर त्या प्राण्याचा इन्फार्क्ट मोजण्यात अर्थ नाही.

तापमान ३७ अंशांच्या आसपास राखा, भूल उतरल्यावरही काही तास. औषध दिलेला प्राणी गार पडला तर इन्फार्क्ट नुसत्या थंडीनेही लहान होतो. आयसोफ्लुरेन (भुलीचं औषध) स्वतःच दाब पाडतं, म्हणून त्याचं प्रमाण सर्व गटांत सारखं हवं.

धागाकर्ता

डॉप्लर नाही, मागवतो. टीटीसीत सूज वजा केलेली नाही. त्याने फरक पडेल?

प्रतिसाद १

नक्की पडेल. २ मिमीच्या कापांत फक्त पांढरा भाग मोजला की त्यात सूजही धरली जाते आणि सूज घटवणारं औषध पेशी वाचवणारं भासतं. निरोगी अर्धगोलाच्या आकारमानातून बाधित अर्धगोलाचा लाल राहिलेला भाग वजा करा. सूज वेगळी नोंदवा. मोजणाऱ्याला गट माहीत नसावा.

आणि चर्चेच्या भागात माणसांबद्दल जपून लिहा. २०११ च्या स्कास्ट चाचणीत २०२९ रुग्णांना स्ट्रोकनंतर ३० तासांच्या आत कॅन्डेसार्टन किंवा प्लासिबो सुरू केलं होतं. फायदा दिसला नाही, कल उलट नुकसानीकडेच होता. तुमची धमनी ९० मिनिटांनी हमखास उघडते, त्या रुग्णांपैकी बहुतेकांची कधी उघडली हेच माहीत नव्हतं.