मुंबईच्या गोदीतली फ्रिगेट

'कॉन्स्टिट्यूशन' या अमेरिकी फ्रिगेटचं, म्हणजे शिडांच्या वेगवान युद्धनौकेचं, खूप कौतुक होतं. १७९७ साली पाण्यात उतरलेली ही बोट आजही बॉस्टनला तरंगते आहे, खरंच कमाल! पण तिच्या पराक्रमाचा एक फटका थेट मुंबईला बसला होता. १८१२ मध्ये तिने ब्रिटिशांची 'जावा' ही युद्धनौका हरवली, मग ती जाळून टाकली गेली आणि 'जावा'वर मुंबईच्या गोदीसाठी निघालेले नव्या फ्रिगेटचे नकाशे होते! ते पुन्हा मागवावे लागले. मग १८१७ मध्ये मुंबईचे जहाजबांधणी कारागीर जमशेटजी बोमनजी वाडियांनी ती नवी फ्रिगेट पाण्यात उतरवली, 'त्रिंकोमाली'. ओकच्या लाकडाऐवजी अस्सल सागवान. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, चक्क पगडीवाला पुतळा. सध्या इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे, अजूनही पाण्यातच. मला विचाराल तर नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या प्रसिद्ध ब्रिटिश युद्धनौकेपेक्षा हीच भारी; 'व्हिक्टरी' बिचारी कोरड्या गोदीत.