मदत हवी आहे: एक्सपाथला समोरचे टॅग दिसत नाहीत, अ‍ॅटम फीड, पायथन

बोरूबहाद्दर:
मंडळी, दोन दिवस डोकं फोडून झालं, आता इथे आलोय.

फीड (साइटवरच्या नव्या मजकुराची एक्सएमएल यादी) वाचून शीर्षकं गोळा करणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे माझी. पायथन आणि एलएक्सएमएल (एक्सएमएल वाचणारी लायब्ररी), बाकी काही नाही. आरएसएस फीडवर वर्षभर बिनतक्रार चालली. परवा एका व्हिडिओ चॅनलची फीड जोडली, ती निघाली अ‍ॅटम, म्हणजे आरएसएससारखाच फीडचा दुसरा साचा. टॅगची नावं वेगळी असतात एवढं माहीत होतं, म्हणून आयटमच्या जागी एंट्री केलं. कोड असा (एक्सपाथ म्हणजे टॅग शोधायची क्वेरी-भाषा), नावं देवनागरीत टंकलीत पण फाइलमध्ये रोमनच आहेत:

झाड.एक्सपाथ("//एंट्री/टायटल")

उत्तर: रिकामी यादी. एरर नाही, वॉर्निंग नाही, काहीच नाही. फाइल एडिटरमध्ये उघडली तर १५ एंट्री ढळढळीत दिसतायत. रूटचा टॅग प्रिंट केला तर फीड या शब्दाआधी महिरपी कंसात एक लांबलचक वेब पत्ता येतो. तो कुठून आला?

एका जुन्या उत्तरात हे मिळालं:

झाड.एक्सपाथ("//*[लोकल-नेम()='टायटल']")

याने शीर्षकं आली, पण ३१! १५ व्हिडिओंची ३१ शीर्षकं कशी?

जुनं खोड:
रूट टॅगमध्ये एक्सएमएलएनएस, म्हणजे नेमस्पेसची (टॅगच्या आडनावाची) घोषणा, किती वेळा आहे ते बघा. एकदा नुसतंच असेल, पुढे कोलन नसलेलं. तिथेच मेख आहे. त्याचा अर्थ: या टॅगच्या पोटातले प्रीफिक्स (नावाआधी कोलन लावून लिहिलेलं टोपणनाव) नसलेले सगळे टॅग या नेमस्पेसचे. म्हणजे तुम्ही ज्याला एंट्री समजताय त्याचं खरं नाव 'तो पत्ता अधिक एंट्री' असं जोडनाव आहे. महिरपी कंसात छापून येतं ते हेच.

आणि एक्सपाथ १.० मध्ये प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे 'कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेला' टॅग. फाइलमधलं डीफॉल्ट तिथे लागू होत नाही. त्यामुळे तुमची क्वेरी बिनआडनावाची एंट्री शोधत होती आणि तशी एकही नाही, म्हणून रिकामी यादी. तिच्या दृष्टीने उत्तर बरोबर आहे, एरर कशाला देईल? आरएसएस २.० च्या मूळ टॅगना नेमस्पेसच नसते, म्हणून तिथे तुमचं निभावलं.

३१ चा हिशेब सोपा आहे. फीडचं स्वतःचं शीर्षक १, एंट्रींची १५, आणि प्रत्येक एंट्रीत मीडिया आरएसएस या व्हिडिओ-माहितीच्या नेमस्पेसमधलं आणखी एक टायटल असणार, ती १५. लोकल-नेम आडनाव पुसून टाकतं, मग दोन वेगळे टायटल एकच दिसतात. घाईत फाइल चाचपायला ते ठीक, कायमच्या कोडमध्ये नको.

उपाय: स्वतःचा प्रीफिक्स ठरवा, तो अ‍ॅटमच्या यूआरआयला (महिरपी कंसातल्या त्या पत्त्याला) बांधा, आणि तो डिक्शनरीतून एक्सपाथला द्या. मग //अ:एंट्री/अ:टायटल. फाइलमध्ये 'अ' कुठेही नसला तरी चालतो. जुळणी यूआरआयची होते, प्रीफिक्स हे फक्त आपल्या सोयीचं टोपणनाव. मात्र पायरीपायरीला लावायला विसरू नका, एंट्रीला लावला आणि टायटलला नाही तर पुन्हा शून्य.

बोरूबहाद्दर:
जोडनावाने डोक्यात उजेड पडला, धन्यवाद. पण डिक्शनरी हाताने कशाला लिहायची म्हणून रूटचा एनएसमॅप (फाइलमधल्या प्रीफिक्स-यूआरआय जोड्यांची डिक्शनरी) जसाच्या तसा दिला, तर आता टाइपएरर: रिकामा प्रीफिक्स एक्सपाथमध्ये चालत नाही म्हणतो. मी कुठे रिकामा दिला?

तिरपी रेघ:
एनएसमॅप प्रिंट करा. डीफॉल्ट नेमस्पेसची की 'नन' (पायथनचं 'काहीच नाही') असते, तीच अडते. नक्कल करा, नन काढा, तोच यूआरआय 'अ' या कीखाली ठेवा. किंवा सरळ हाताने लिहा. मी हातानेच लिहिते, कारण समोरच्याने उद्या फाइलमधले प्रीफिक्स बदलले तरी माझा कोड हलत नाही.

बोरूबहाद्दर:
हाताने लिहिलं. एरर गेली आणि रिकामी यादी परत आली. आता हसावं की रडावं? आणि एक बाळबोध शंका: तो यूआरआय वेब पत्ता आहे ना, मग इंटरनेट नसलेल्या सर्व्हरवर हे चालेल का?

तिरपी रेघ:
चालेल. त्या पत्त्यावर कोणी जात नाही, ती फक्त एक ओळख आहे आणि तिची तुलना अक्षराला अक्षर लावून होते. तुमचं घोडं बहुतेक तिथेच अडलंय. अ‍ॅटमच्या यूआरआयच्या शेवटी रोमन 'ए' कॅपिटल आहे, लहान लिहिलात का? शिवाय अ‍ॅटमच्या शेवटी तिरपी रेघ नाही, मीडिया आरएसएसच्या शेवटी आहे. एचटीटीपीला एस जोडला तरी नेमस्पेस वेगळी होते. फाइलमधून कॉपी करून चिकटवा, आठवणीतून टंकू नका. माझं हे नाव असंच पडलंय, त्या रेघेपायी एक अख्खी संध्याकाळ गेली होती.

कंसातला:
मध्येच घुसतोय. एवढ्याशा कामाला एलएक्सएमएल कशाला? पायथनसोबत येणाऱ्या एलिमेंटट्रीमध्ये ३.८ पासून टॅगच्या आधी महिरपी कंसात तारा टाकला की कुठलीही नेमस्पेस चालते.

जुनं खोड:
चालते, पण मग मीडियाचं टायटलही चालतं. थेट मूल शोधलं तर ठीक, खोलवर शोधलं की पुन्हा तेच ३१. त्याच ३.८ पासून तिथे रिकाम्या प्रीफिक्सला यूआरआय बांधता येतो, तो मार्ग जास्त सरळ आहे. फक्त एलएक्सएमएलच्या एक्सपाथमध्ये ती सोय शोधू नका, ते एक्सपाथ १.० ला धरून आहे आणि तो १९९९ चा. एलिमेंटसाठी डीफॉल्ट नेमस्पेस ठरवता येते ती एक्सपाथ २.० मध्ये, २००७ पासून.

धागा शोधून येणाऱ्या जावावाल्यांसाठी: डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरी मुळात नेमस्पेसकडे लक्षच देत नाही. सेटनेमस्पेसअवेअर आधी ट्रू करा, मग बाकीचं बोलू.

बोरूबहाद्दर:
लहान 'ए'च होता. बदलला, १५ शीर्षकं आली, मोजून १५! आता एकच राहिलं. लिंक टॅगमधला पत्ता हवाय, //अ:एंट्री/अ:लिंक/@अ:एचरेफ लिहिलं, यादी रिकामी. सगळ्या पायऱ्यांना प्रीफिक्स लावलाय.

जुनं खोड:
@ लावलेलं ते अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे टॅगच्या आत लिहिलेला गुणधर्म; त्याला प्रीफिक्स नको. डीफॉल्ट नेमस्पेस टॅगना लागते, अ‍ॅट्रिब्यूटना नाही. फाइलमध्ये अ‍ॅट्रिब्यूटवर प्रीफिक्स लिहिलेला नसेल तर ते बिनआडनावाचंच. @एचरेफ एवढंच ठेवा.

बोरूबहाद्दर:
आली. १५ च्या १५. आता ती वर्षभर चाललेली आरएसएसची स्क्रिप्ट बघतो, तिच्यातही एके ठिकाणी लोकल-नेम टाकून ठेवलेलं आठवतंय.