ग्लुटेनशिवाय बिअर : बार्लीच्या जागी ज्वारी-नाचणी कशी बसवायची?

रंकाळाकाठचा :
नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ मेलबर्नला असतो, घरीच बिअर करतो, लई हौस आहे त्याला. वहिनींना सीलिॲक निघालाय, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन बाधतं, त्यामुळं गहू, बार्ली सगळं बंद, आणि दादा म्हणतो आता करीन तर दोघांना पिता येईल अशीच. त्याची रेसिपी २० लिटरला साडेचार किलो बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली). तेवढीच ज्वारी भरडून ६५ डिग्रीला तासभर ठेवली तर नुसती पेज झाली, गोडी काहीच नाही. आपल्याकडं नाचणी सत्त्व घरोघरी करतात म्हणून इथं विचारतोय. आणि बार्लीचीच करून त्यात एन्झाइम टाकलं की ग्लुटेन जातं म्हणतात, ते चालेल का?

गडहिंग्लजकर :
भावा शेवटचं आधी सांगतो, ते चालणार नाही. एन्झाइम ग्लुटेनचे तुकडे करतं, पण आंबवलेल्या पेयात ते तुकडे टेस्टमध्ये नीट मोजले जात नाहीत, रिपोर्ट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) खाली आला तरी वहिनींनी त्यावर विसंबू नये.

आता पेज. ज्वारी मोड आणलेली होती का? बिनमोडाच्या ज्वारीत साखर करणारी एन्झाइम नसल्यातच जमा. आणि मोडाची असली तरी बार्लीचा स्टार्च ६०-६५ ला फुलतो, ज्वारीचा ७० च्या आसपास आणि वर, तिथवर तापवलं की एन्झाइमच मरायला लागतात. यावर पद्धत अशी की मोडाचं पीठ ४५ डिग्रीच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं, वरची निवळी अलगद काढून घ्यायची, एन्झाइम त्या निवळीत उतरतात. खालचा साका उकळून चांगला शिजवायचा, ६५ पर्यंत निवला की निवळी परत घालून दीडएक तास झाकून ठेवायचं. मग बशीत थेंबभर घेऊन त्यावर टिंक्चर आयोडीन टाका, काळंनिळं झालं तर स्टार्च अजून शिल्लक आहे. मोडाची नाचणी मिसळली तर अजून बरं, तिच्यात एन्झाइम चांगली असतात.

(इथं कुणी करून बघू नका, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं परवाना लागतो.)

शाहूपुरीची_आई :
ज्वारीला घरी मोड आणणार असतील तर वाळवल्यावर कोंब आणि मुळ्या चोळून, पाखडून टाकायला सांगा हं. त्यात धुरिन असतं, त्यापासून सायनाइड तयार होतं, जनावरांना कोवळी ज्वारी चारत नाहीत ते त्याचमुळं.
माझ्या मुलीला सीलिॲक आहे म्हणून कळकळीनं सांगते, गव्हाच्या चक्कीवर दळलेलं अजिबात नको. आमच्याकडं वेगळी घरघंटी आहे, तिच्यात गव्हाचा दाणा जात नाही. हिंगसुद्धा बघून घेतो, बहुतेक डब्यांत गव्हाचं पीठ असतं. तुमच्या भावानंही भरडायचं मशीन वेगळंच घ्यावं.

पेठेतला :
आणि जुनी प्लास्टिकची बादली, नळ्या सगळं बदला, ओरखड्यात बार्ली अडकून राहते. यीस्ट कोरडं घ्या पण पाकिटावर ग्लुटेन फ्री लिहिलेलं बघून, पातळ यीस्ट बऱ्याचदा बार्लीच्याच रसावर वाढवतात. ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं म्हणून गाळताना चोंदतं, भाताचं तूस धुऊन मिसळलं की वाट मोकळी होते. हॉप्सला (बिअरला कडूपणा देणारी फुलं) अडचण नाही. गूळ घालायचा मोह होईल, पण जपून, तो सगळा आंबतो आणि बिअर पातळ लागते.

रंकाळाकाठचा :
दादाला विचारलं, ज्वारी बिनमोडाचीच होती! काकू, मशीनचं बरं झालं सांगितलं, तो जुन्यातच भरडत होता. इथून नाचणी पाठवू का त्याला?

गडहिंग्लजकर :
नको नको, धान्य-बियाण्याच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे नियम लई कडक आहेत. तिथं ज्वारीचं पीक मोठं आहे, तिथलीच घेऊ दे. नाचणी नाही मिळाली तर बाजरीला मोड आणायचे.